भावोजी आत लिहायलेत

हिमायतनगर, ६ नोव्हेंबर १९४७

एकनाथ भावोजी,

थोरली वहिनी आहे म्हणून आशीर्वाद द्यावा लागतो, तो दिला. आता भांडायला मोकळी.

तुम्ही पुण्याला सरोजच्या माहेरी नीट पोचलात हे दत्तोबानं सांगितलं. तो रेल्वेतला माणूस, तारनाक्याहून ड्यूटीवर निघतो आणि सोलापूरपर्यंत जातो-येतो. हे पत्र तो तिकडच्या पेटीत टाकणार, म्हणून मोकळेपणी लिहिते. इथल्या टपालात टाकायचं असतं तर 'सर्व सुखरूप' लिहून थांबले असते. फोडून वाचायलेत म्हणे.

दसऱ्याच्या पहाटे निघताना तुम्ही म्हणालात, "वहिनी, घर रिकामं दिसता कामा नये. रिकामं दिसलं की कुणी ना कुणी शिरेल. आणि मी संस्थानाच्या हद्दीबाहेर पळालो हे खात्याला कळलं, तर नोकरीही गेली आन् घरही. संक्रांतीपर्यंत सांभाळा, मग बोलावून घेतो."

तर सांभाळायलेय. रोज सकाळी तुमचं धोतर, सरोजचं लुगडं, दिगूची चड्डी, इंदूचा परकर धुते आणि पुढच्या दोरीवर वाळत घालते. कुणी न घातलेले कपडे धुण्याइतकं पाप नाही बघा, मळच निघत नाही, हाताला समाधान कसलं ते नाही. भाकरी एकटीपुरती, पण चूल पेटती ठेवते पाच माणसांची. मधूनच ओरडते, "भावोजी, चहा निवायलाय!" तुम्ही उत्तर देत नाही. इथं असतानाही देत नव्हता, त्यामुळं मोहल्ल्यात कुणाला शंका नाही. इतिहास लिहिणाऱ्या माणसाचा हा फायदा. महिना महिना दिसला नाही तरी लोक म्हणतात, आत लिहायलेत.

आणि दारात रांगोळी घालते. तुमचे दादा गेल्यापासून या घरात मला कुणी रांगोळीच्या डब्याला हात लावू दिला नव्हता. आता घरात सवाष्ण नांदायलीय हे लोकांना दिसावं म्हणून विधवेनं रांगोळी घालायची. असं आधी कुठं घडलंय का, तुमच्या कागदांत शोधून ठेवा.

मला अंगणात पण फार वेळ थांबता येत नाही. कुणी बोलत उभं राहिलं की आतल्या चार माणसांची खुशाली सांगावी लागते, आणि मग मीच विसरते की दिगूला ताप मी सोमवारी दिला होता की मंगळवारी.

संक्रांत लक्षात ठेवा.

भामा

*

१४ डिसेंबर १९४७

भावोजी,

तुमच्या शिक्षणखात्यातले अहलकार, म्हणजे कारकून, करामतअली आले होते. तेच ते, बुटके, पान खाणारे, सायकलीवरून उतरताना एकदा तरी धडपडणारे. बैठकीत बसले आणि म्हणाले, "सलाम बाईसाब. रावसाब हैं?"

म्हटलं, "हौ, आत लिहायलेत."

"जरा बोला, बच्चों की तारीख की किताब का क्या हुआ? पहिल्या पानांची साहब रोज पूछ करते."

तुमचं ते मुलांचं सचित्र इतिहासाचं पुस्तक. खात्यानं तुमच्यावर सोपवलेलं, आणि त्याची सगळी टिपणं तुम्ही ट्रंकेत घालून पुण्याला नेलेली. मी आतल्या खोलीत गेले. दार लोटलं. खोटं बोलायला मी भीत नाही, पण एकटीनं दोघांचं भांडण करायची वेळ पहिल्यांदाच आली. "भावोजी, अहलकारसाहेब आलेत." मग तुमचा खोकला. तो मला छान जमतो, आधी दोन कोरडे आणि मग एक ओला. मग मी, "अहो पण ते थांबलेत!" मग पुन्हा खोकला. मग तुमची काठी आपटली. बाहेर आले आणि तोंड पाडून म्हटलं, "तापट झालेत हो. छातीत कफ आहे. कागदाला हात लावू देत नाहीत."

ते बिचारे हळू आवाजात म्हणाले, "बाईसाब, महिनाअखेर को पाँच पानं द्या. नहीं तो साहब खुद तबियत बघाया आएँगे."

साहेब आले तर काय दाखवू? दोरीवरचं धोतर?

पानं लिहून पाठवा. दत्तोबा गुरुवारी परत फिरतो.

भामा

*

२२ जानेवारी १९४८

भावोजी,

संक्रांत झाली. तिळगूळ मीच केला, मीच खाल्ला, मीच गोड बोलले.

तुमचं पत्र मिळालं. 'सध्या पुण्यात जागेची अडचण, उन्हाळ्यापर्यंत थांबा.' बरं. पण त्याखालची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. 'पानं पाठवणं धोक्याचं आहे. तुम्हीच काहीतरी लिहून द्या, चित्रं तर तुम्हीच काढता.'

चित्रं तर तुम्हीच काढता! भावोजी, तुमची तीन पुस्तकं निघाली. माकडाचं, पतंगाचं आणि ते चारमिनारवर चढणाऱ्या बकरीचं. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर कोळशानं काढायचं, तुम्ही कागद घेऊन उकिडवं बसून उतरवायचं, मग टाकानं शाई फिरवायची आणि खाली झोकदार सही. फरशी मी पुसून टाकायची. लोक म्हणायचे, रावसाहेबांच्या हातात काय जादू आहे! मी चहाचा कप घेऊन आत येत असायची. आज पहिल्यांदा तुमच्या हातून ते वाक्य लिहिलं गेलं. भीतीनं का होईना.

तर लिहिलं. फरशीवर काढलं आणि स्वतःच उकिडवं बसून उतरवलं. गुडघे काय दुखतात हो! तुमचं हे दुखणं मी उगाच सोंग समजत होते.

गोवळकोंड्यापासून सुरुवात केली. खालच्या दरवाज्यात टाळी वाजवली की वर गडावर ऐकू येते, हे तर सगळ्यांना ठाऊक. मी लिहिलं की शत्रू आला की पहारेकरी एक टाळी वाजवायचा आणि जेवणाची वेळ झाली की दोन. एकदा शत्रू बरोबर जेवणाच्या वेळी आला. वर राजाचा पेच, हात धुवायचे की तलवार घ्यायची? चित्रात राजा एका हातात तलवार आणि एका हातात तांब्या घेऊन उभा आहे.

आधार काय, असं विचाराल. आधार मी. करामतअली बैठकीत बसून वाचत होते आणि पानाची पिंक गिळून हसले. म्हणाले, "रावसाब बीमारी में जास्त अच्छा लिख रैं."

ते म्हणाले तसंच कळवते. तुम्हाला राग यावा म्हणून.

भामा

*

११ एप्रिल १९४८

भावोजी,

अभिनंदन. सरोजला दिवस गेलेत.

घाबरू नका, मोहल्ल्यात गेलेत. चूक माझीच. दसऱ्यापासून मी रोज न चुकता सरोजचं लुगडं पुढच्या दोरीवर घालायलेय. एक दिवस खंड नाही. मी पडले विधवा आणि त्यातून चाळिशीपुढची, माझ्या डोक्यातूनच गेलं की घरची तरणी सवाष्ण महिन्यातून चार दिवस बाजूला बसते आणि तिचे कपडे मागच्या बाजूला वेगळे वाळतात. पण शेजारच्या सत्यवतीच्या डोक्यातून कसं जाईल? आंध्राकडची बाई, नवरा नामपल्लीत स्टेशनवर कामाला, दिवसभर गच्चीवर. तिनं माझी दोरी पाहून हिशेब मांडला.

परवा आली ती हातात कोवळ्या चिंचेचं लोणचं आणि हिरव्या बांगड्या घेऊन. "वदिना, लपवता का? इतके महिने सरोजम्मा एकदा पण बाजूला बसली नाही. मला सांगायचं नाही?"

म्हटलं, "अगं, तसं काही नाही."

"अय्यो! मग काय आहे?"

दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "झोपलीय." ती म्हणाली, "झोपू दे, मी नुसतं तोंड बघते," आणि माझ्या काखेखालून आत. बाई आहे की मांजर! या खोलीतून त्या खोलीत गेली. पलंगावर वळकटी. पाळण्याच्या कडीला कोळ्याचं जाळं. मग स्वयंपाकघरात आली, आणि फरशीभर कोळशाचे हत्ती, घोडे, पालख्या. मधोमध आडवा पडलेला जाडा राजा. ती पाहत राहिली आणि मग त्या राजाच्या पोटावरच मटकन बसली.

"सगळे कुठं गेले?"

सांगितलं. रडू मला यायला पाहिजे होतं, रडली ती. मग डोळे पुसून विचारलं, "आणि चित्रं? रावगारूंची ना?"

"रावगारू पुण्यात आहेत."

"मग?"

मी माझे काळे हात दाखवले.

ती कुणाला सांगणार नाही. उलट आता तिचा हुकूम आहे की महिन्यातून चार दिवस सरोजचं लुगडं मागच्या दोरीवर. तारखा तीच ठेवायलीय.

भावोजी, हसू येतं तसं लिहिलं. पण त्या दिवशी ती परत गेल्यावर लक्षात आलं की दसऱ्यानंतर या घरात माझ्याशी खरं बोलणारं पहिलं माणूस आलं. उन्हाळा लागला. बोलवा मला.

भामा

*

२ ऑगस्ट १९४८

भावोजी,

उन्हाळा गेला. तुमचं पत्र वाचलं. 'आता निघणं फार धोक्याचं, जिथं आहात तिथंच बरं.' खरंय ते. गाड्यांचा नेम नाही, दत्तोबा स्वतः जीव मुठीत धरून जातो. पण उन्हाळ्यात धोका कमी होता तेव्हा जागेची अडचण होती, आणि आता जागा झाली असेल तर धोका आहे. तुमच्या पुस्तकात मी असाच एक किल्ला काढलाय, पूल टाकला की दरवाजा बंद आणि दरवाजा उघडला की पूल वर.

पुस्तक छापून आलं. खात्याच्या छापखान्यात. वर तुमचं नाव ठसठशीत. पहिल्या पानावर हुजूरांच्या छत्राखाली रयत कशी सुखी आहे ते दोन ओळीत. त्या ओळी करामतअलींनी सांगितल्या आणि मी लिहिल्या, त्याशिवाय कुणाचंच काही छापत नाहीत. शाळांतून वाटलं. समोरच्या गल्लीतली पोरं 'एक टाळी शत्रू, दोन टाळी जेवण' खेळायलीत. मी खिडकीच्या फटीतून पाहते. बाहेर जाऊन सांगावंसं वाटतं, अरे लुच्च्यांनो, टाळी अशी नाही, वाकून वाजवायची. पण मी कोण सांगणार?

रॉकेल नाही, मीठ मिळालं तर सण. चुलीत खुर्ची जाळली, तुमची नव्हे, पाहुण्यांची. परवा चारजण मोहल्ल्यात फिरत होते, खांद्याला बंदुका, कुठली घरं रिकामी ते बघत. आपल्या दाराशी थांबले. एकानं विचारलं, "घर में मर्द कौन है?" म्हटलं, "दीर आहेत. आत लिहायलेत." "बाहर बुलाव."

भावोजी, तो खोकला त्या दिवशी निघेना. दार लोटून आत उभी होते. तेवढ्यात पलीकडच्या भिंतीवरून सत्यवतीच्या नवऱ्याचा खोकला आला. दोन कोरडे आणि एक ओला. तिनंच शिकवलं असणार. मग तिकडूनच काहीतरी भांडं फेकल्याचा आवाज. त्या माणसांतला एक म्हणाला, "जाने दे, टीबी है इसको," आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कोळसा धरला तर रेघ सरळ येईना. समुद्र काढला. त्याला सरळ रेघ लागत नाही.

मी चांगली आहे असं तुमच्या दादांच्या फोटोला सांगितलंय. तुम्हाला सांगत नाही.

भामा

*

२९ सप्टेंबर १९४८

भावोजी,

लष्कर आलं ते तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. सत्यवतीनं मला गच्चीवर ओढत नेलं. वर्षभरानं इतकं आभाळ एकदम पाहिलं आणि भोवळ आली. लोक पेढे वाटत होते. मी पण खाल्ला. करामतअली मात्र दिसत नाहीत. त्यांचा भाऊ बिदरकडं होता, त्याची काही खबर नाही म्हणतात. दुसरा पेढा हातात घेतला होता, तो परत ठेवला.

मला वाटलं आता तुमचं पत्र येईल, 'वहिनी, सुटलात, या.' आलं. त्यात लिहिलंय की खात्यात आता नवे लोक, जुन्यांची चौकशी चाललीय, कुणी हुजूरांची स्तुती लिहिली ते पाहायलेत. 'मी तर हद्दीबाहेर होतो, देशासाठी घरदार सोडलं होतं. ते पुस्तक माझं नव्हे हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा. लिहिणाऱ्याचं नाव विचारलंच तर तुमचं सांगा.'

वाचून मी इतकी हसले की सत्यवती भिंतीवरून डोकावली.

अहो, वर्षभर मी घसा फोडून सांगितलं की तुम्ही घरात आहात. तेव्हा पळणं ही लाजेची गोष्ट होती. आता पळणं मोठेपणाचं झालं, तर सांगायचं तुम्ही नव्हताच! आणि पुस्तकाची शाबासकी होती तोवर ते तुमचं, फाशीची भीती आली की वहिनीचं.

पण सांगते. आनंदानं सांगते. तुम्हाला वाटतंय तुम्ही माझ्या गळ्यात घोरपड बांधली. मला तर कुणीतरी दागिना घातल्यासारखं झालंय.

भामा

*

८ ऑक्टोबर १९४८

भावोजी,

गेले होते. सत्यवती बरोबर होती. घराबाहेर पडल्यावर कुठं वळायचं तेच सुचेना, तिनं हात धरून नेलं.

नवे साहेब हिम्मतराव, वऱ्हाडाकडचे, अदबीनं बोलणारे. पुस्तक टेबलावर होतंच. मी उभी राहून सांगितलं, "हे माझ्या दिरांनी लिहिलं नाही. ते पुण्यात होते. हे मी लिहिलं. चित्रंही माझी. काय शिक्षा असेल ती मला द्या."

त्यांनी मला खुर्ची दिली. "बाई, शिक्षण किती झालं तुमचं?"

"चौथी. धानोऱ्याच्या शाळेत."

ते हसले. वाईट नाही हसले, पोटातून, मायेनं हसले. तेच जास्त लागलं. शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "पाहिलंत? दिरावरचा आळ वहिनीनं स्वतःच्या अंगावर घेतला. अशी माणसं आहेत अजून. पानं काय, पुण्याहूनही लिहून पाठवता येतात."

सत्यवती तावातावानं म्हणाली, "मी बघितलं साहेब! फरशीवर! बोग्गू, कोळसा, कोळशानं काढती ही!"

"हो हो, बाई, तुम्हीही चांगल्या शेजारीण आहात."

मी म्हटलं, "कोळसा मागवा. आत्ता काढून दाखवते."

"राहू द्या, टेबल खराब होईल." आणि चहा सांगितला.

मग म्हणाले, रावसाहेबांना कळवा, भिण्याचं कारण नाही. ते स्तुतीचं पान त्या काळात सगळ्यांनाच लिहावं लागलं, ते काढून टाकू. पुस्तक इतकं गोड आहे की नव्यानं छापायचंय, सगळ्या मराठी शाळांना द्यायचंय. दुसरा भागही रावसाहेबांनीच लिहावा.

तुमच्यावरचा आळ गेला. माझ्यावर आलाच नाही. चहा चांगला होता.

भामा

*

धानोरा, जि. परभणी, ९ जानेवारी १९४९

भावोजी,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. 'वहिनी, न सांगता माहेरी गेलात, काही चुकलं का?' असं विचारता. रुसले नाही हो. रुसायला माणूस लहान लागतं.

दिवाळीत तुम्ही आलात, स्टेशनवर लोकांनी हार घातले. दिगू माझ्या कमरेला मिठी मारून बसला, इंदू मला ओळखेना. सरोजनं दोरीवरची तिची लुगडी पाहून विचारलं, "इतकी विरली कशी?" मला खूप हसू आलं. ते दिवस चांगले गेले. मग हिम्मतराव घरी आले. बैठकीत तुम्ही दोघं, आणि मी पडद्याआड चहा गाळत. ते म्हणाले, "रावसाहेब, तो तांब्या आणि तलवार घेतलेला राजा! कसं सुचलं तुम्हाला?"

मी गाळणी हातात धरून थांबले. मला वाटलं, आता सांगतील. नाही तर निदान खोकतील.

तुम्ही म्हणालात, "आजारपणात सुचलं."

भावोजी, त्या बंदूकवाल्यांच्या पुढं माझ्या अंगातलं बळ गेलं नव्हतं इतकं त्या वाक्यानं गेलं. त्यांच्यापासून घर वाचवायचं होतं. तुमच्यापासून काय वाचवायचं ते मला तोवर कळलंच नव्हतं.

इथं भावाचं घर आहे. भावजय बरी आहे, दिवसातून एकदा विचारते किती दिवस राहणार. गावात मुसलमान विणकरांच्या आळीला कुलपं आहेत, काही घरं जळून काळी झालीत, तिकडून जाताना लोक बोलणं थांबवतात. त्या आळीतली दोन पोरं मागं राहिलीत, आत्याबरोबर. ती पण शाळेच्या ओट्यावर येतात. मास्तरांनी मला ओटा दिलाय, दुपारचा. मी काढते, पोरं सांगतात पुढं काय झालं. दुसरा भाग तसाच व्हायलाय. निम्मा झाला. औरंगाबादची पाणचक्की झाली, बिदरची तोफ झाली, आणि या गावचं या वर्षीचं पण थोडं काढलंय. ते कुणी छापील का माहीत नाही, पण पोरांनी ओट्यावरचं ते चित्र पुसू दिलं नाही.

तुम्ही लिहिता हिम्मतराव रोज माणूस पाठवून दुसऱ्या भागाची पानं मागायलेत, आणि तुम्ही दार लावून आत बसता. सरोज काय सांगते त्याला? तिला म्हणावं खोकल्याची तालीम सत्यवतीकडं घे. तुम्ही स्वतः राजा काढून पाहिलात तर तो तहसीलदारासारखा दिसतो म्हणता. नाक आधी काढता म्हणून. पोट आधी काढायचं, नाक मग त्याला शोभेल तसं येतं. पण हे पत्रातून शिकवून येणार नाही.

पानं मी देईन. हट्ट माझा एकच. तुम्ही हिम्मतरावांच्या कचेरीत जायचं, त्याच खुर्चीत बसायचं आणि सांगायचं, पहिला भाग भामानं लिहिला, चित्रं भामाची, बकरीची पण आणि माकडाची पण. मी सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं. तुम्ही सांगितलंत तर हसणार नाहीत. आणि हसलेच, तर बसा तसेच, मी बसले होते.

वचन देऊ नका, तुमच्या वचनाला नेहमी पुढचा मोसम लागतो. उत्तरही लिहू नका. पहिला भाग नव्यानं छापून झाला की एक प्रत दत्तोबाच्या हाती पाठवा. वर कुणाचं नाव आहे ते बघीन, आणि मग दुसरा भाग बांधून ठेवायचा की पाठवायचा ते ठरवीन.

भामा